कार्डावर नाव नसलेल्या माणसाची महागाई

आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात दागिने नाहीत, सातबारा नाही. कागद आहेत. आज्याचं गिरणीतलं बदली कार्ड, झोपडीचा फोटोपास, लाइटची बिलं, आणि तीन रेशनकार्डं. एक चिंध्या झालेलं, एक पिवळं, एक नवं. पावसाळ्यात डोंगरावरनं पाणी घरात घुसलं की माय सगळ्यात आधी ट्रंक खाटंवर ठेवते, मग पोरांना उचलते. लहानपणी मला याचा राग यायचा. माझ्यापेक्षा कागद मोठे का? आता राग येत नाही. या शहरात आधी कागद जगतो, मग माणूस जगतो, हे मला उशिरा कळलं.

मी घाटकोपरला पश्चिमेच्या डोंगरावर राहतो. भिवंडीला यंत्रमागावर काम करतो, बारा तासांची पाळी. आजा परळच्या बाजूच्या गिरणीत होता. त्या गिरण्या संपल्या, मी भिवंडीच्या मागावर आलो. शाळा दहावीला सुटली. जे वाचलं ते वाचनालयात आणि गाडीत उभ्या उभ्या. तेव्हा इतिहासकाराचा आव मी आणत नाही. पण जगणं स्वस्त करण्यासाठी सरकारनं काय काय केलं त्याचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक रेशनच्या रांगेत उभे राहिलेले नसतात. म्हणून म्हटलं, आपणच लिहू. आमच्या ट्रंकेपासून सुरुवात करू.

दोस्तहो, महागाई सगळ्यांना सारखी, असं बोलायची पद्धत आहे. ते खरं नाही. पहिल्यापासून नव्हतं.

पहिल्या महायुद्धात मुंबईत धान्याचे, कापडाचे, घासलेटाचे भाव भडकले. कामगारांनी संप केले. मग मालकांनी पगारावर महागाईची जादा रक्कम द्यायला सुरुवात केली. 1918 साली मुंबईत भाडं रोखणारा पहिला कायदा झाला. 1921 साली मुंबई सरकारनं लेबर ऑफिस काढलं. कामगाराच्या घरात काय शिजतं, काय जळतं, भाडं किती जातं याची मोजदाद झाली, आणि जुलै 1914 चे भाव शंभर धरून दर महिन्याचा आकडा छापायला लागले. आजच्या महागाई भत्त्याची मुळं तिथं आहेत. हा काही मालकांचा मोठेपणा नव्हता. लोक रस्त्यावर आले तेव्हा आकडा मोजला गेला.

पण त्या आकड्यात आमचं काय? गिरणीत जास्त मजुरी विणाईखात्यात. तिथं महार-मांगाला मज्जाव. कारण काय तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा सवर्णाला चालत नव्हता. आमच्या लोकांना रिंगखात्यात किंवा झाडूवर कमी पगाराची कामं. 1928–29 च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर ठेवला. तेव्हा बघा, ज्वारीचा भाव दोघांना एकच. पण एकाच्या मुठीत जास्त पैसे, दुसऱ्याच्या मुठीत कमी, आणि कमी का तर जात. मग महागाई सारखी कशी? भाव दुकानात ठरतो, तो परवडतो की नाही ते दुसरीकडंच ठरलेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धात रेशन आलं. देशात पहिल्यांदा शहरभर रेशन सुरू झालं ते मुंबईत, 1943 च्या मे महिन्यात. त्याच वर्षी तिकडं बंगालात लाखो माणसं भुकेनं मेली. मुंबईत तसं झालं नाही याचं मोठं कारण रेशन. हे मान्य केलं पाहिजे. मी रेशनला शिव्या द्यायला बसलेलो नाही. ज्यानं आमची तीन पिढ्यांची पोटं धरली त्याला शिव्या कशा देऊ?

पण रेशन आलं तेव्हा त्याच्याबरोबर कार्ड आलं. कार्डाबरोबर पत्ता आला. पत्त्याबरोबर प्रश्न आला, तू राहतोस कुठं?

1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानंही तेच झालं. 1 सप्टेंबर 1940 ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं धरलं आणि गोठवलं. गिरगावात, परळला, लालबागला चाळीत ज्याची खोली होती त्याचं जगणं त्या कायद्यानं तगलं. गिरणी कामगाराची पोरं शिकली ती त्या स्वस्त खोलीवर. 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, तरी जुन्या भाडेकरूंचं बरंचसं संरक्षण टिकलं. पण ज्याच्याकडं 1940 ची खोली नाही त्याचं काय? जो नंतर आला, घाटकोपरच्या डोंगरावर, मुलुंडच्या खिंडीकडं, अंधेरीच्या खाणींच्या कडेला, त्याच्या पत्र्याला प्रमाण भाडं कुठलं? त्याला दादा सांगेल ते भाडं. हप्ता वेगळा. कायदा आत असलेल्यांसाठी होता. आत यायचं दार त्यानं उघडलं नाही.

दुधाचं बघा. शहरातले म्हशींचे गोठे हलवून गोरेगावला आरे दूध वसाहत केली. 1951 साली पंतप्रधान नेहरू तिच्या उद्घाटनाला आले होते. दारा खुरोडी हा त्या योजनेमागचा मोठा माणूस. म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि बिनसायीच्या दुधाची पावडर मिसळून स्निग्धांश कमी करायचा आणि दूध स्वस्त विकायचं, हे टोन्ड दूध त्यांच्या नावावर आहे. 1963 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काम चांगलंच झालं. कित्येक पोरांच्या पोटात दूध गेलं. पण तिथंही कार्ड. आणि ज्या आदिवासी पाड्यांच्या मुलखात ही वसाहत उभी राहिली, त्यातल्या कित्येक पाड्यांना पुढं वर्षानुवर्षं नळ नव्हता, वीज नव्हती. शहराला स्वस्त दूध पाजणाऱ्या जमिनीवरची माणसं अंधारात.

आता आमच्या घरावर येतो.

1972 चा दुष्काळ. आजा मराठवाड्यातून आला, पाठोपाठ 1973 ला आजी आली. गावात रोजगार हमीची कामं निघाली होती, खडी फोडायची, सुकडी खायची. त्या रोजगार हमीला पैसा लागतो म्हणून 1975 साली सरकारनं शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. म्हणजे आज्याच्या गिरणीतल्या पगारातनं त्याच्याच गावातल्या भावकीच्या मजुरीसाठी पैसे कापले जायचे. आजा म्हणायचा, ह्यो एक कर मी खुशीनं देतो. मला हे सांगताना अभिमान वाटतो. रोजगार हमीचा कायदा 1977 चा, आणि तो लागू झाला 26 जानेवारी 1979 ला.

त्या वर्षांत मुंबईत महागाईनं कहर केला होता. तेल गायब, साखर गायब, रवा गायब, घासलेटला मैलभर रांग. रेशनला अमेरिकेची लाल मिलो. 1972 साली बायकांनी महागाईविरोधी संयुक्त समिती काढली. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. लाटणं आणि थाळी घेऊन मोर्चे निघाले. मंत्र्यांना घेराव पडले. उपनगरातली साधी बाई, जिनं कधी घराचा उंबरा ओलांडला नव्हता, ती मंत्रालयासमोर थाळी बडवायला लागली. याला मी इतिहास म्हणतो. 1972 च्याच मे महिन्यात दलित पँथरही निघाली. एकीकडं भाकरीचा आवाज, एकीकडं इज्जतीचा. आमच्या वस्तीत दोन्ही आवाज एकाच घरात होते.

मी आजीला विचारलं, तू गेली होतीस का गं मोर्च्याला?

आजी म्हणाली, "गेल्ते की. शेजारच्या बाया चालल्या, मी बी गेले. थाळी बडवली, हात सुजला. रेशनवर तेल द्या म्हनून वरडलो. मंग तेल आलं रेशनला. पर मला कुटं मिळालं? माझ्याकडं कार्ड नव्हतं."

मित्रांनो, मी या एका वाक्याभोवती हा लेख लिहितोय. थाळी तिनं वाजवली. हात तिचा सुजला. तेल कार्डवाल्या घरात गेलं. आजी त्या घरांवर जळत नव्हती, त्या बायकाही गरीबच होत्या, आणि त्यातलीच एक तिला अर्धी बाटली तेल द्यायची. पण जिला सगळ्यात जास्त गरज तिलाच उघड्या बाजारात, काळ्या बाजारात, सगळ्यात जास्त भाव. हा काय न्याय झाला?

आम्हाला कार्ड कसं मिळालं तेही सांगतो. 4 जानेवारी 1976 ला सरकारनं मुंबईतल्या झोपड्यांची एका दिवसात शिरगणती केली. सुमारे 28 लाख माणसं मोजली गेली. ज्याची झोपडी मोजली त्याला फोटोपास. आजी सांगते, त्या दिवशी कामाला कुणी गेलं नाही. आजा पाळी सोडून दारात बसला होता. मोजणारा आला, नंबर टाकून गेला. फोटोपास आला, त्याच्यावर पुढं रेशनकार्ड झालं. शेजारचा एक माणूस त्या दिवशी गावी मयताला गेला होता. त्याची झोपडी मोजली गेली नाही. तो पुढं कित्येक वर्षं बेकायदा. एक दिवस बापाला माती द्यायला गेला म्हणून.

आणि मोजणीनं सगळ्यांना अभय मिळालं असंही नाही. त्याच 1976 च्या मे महिन्यात मानखुर्दची जनता कॉलनी उठवली आणि हजारो माणसं चिता कॅम्पच्या चिखलात नेऊन टाकली.

मग तारखा सरकत गेल्या. 1976, 1980, 1985. पुढं 1 जानेवारी 1995, तिच्यावर मोफत घराची झोपडपट्टी पुनर्वसन योजना. पुढं 1 जानेवारी 2000. आणि 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यांना पैसे भरून घर, ज्याची किंमत 2023 मध्ये अडीच लाख ठरली. प्रत्येक तारीख लोकांनी भांडून पुढं ढकलली आहे, फुकट कुणी दिलेली नाही. पण प्रत्येक तारखेच्या पलीकडं माणसं उरलीच. आणि तुमची झोपडी तारखेच्या अलीकडची हे सिद्ध कशावर? मतदार यादी, लाइटबिल, फोटोपास, रेशनकार्ड. म्हणजे जो कागद स्वस्त गव्हासाठी निघाला तो आता छपराचा कागद झाला. माय ट्रंक आधी का उचलते ते कळलं?

1997 साली रेशनच बदललं. तोवर कार्ड असेल त्याला धान्य. आता गरीब कोण ते आधी सिद्ध करा. 1 मे 1999 पासून महाराष्ट्रात तीन रंग आले. वर्षाला 15,000 च्या आत कमावणाऱ्याला पिवळं, 15,001 ते 1 लाखाला केसरी, त्यावर पांढरं. मुंबईत वर्षाला 15,000 म्हणजे महिन्याला 1,250. एवढ्यात मुंबईत कोण जगतं? जो जगतो तो मुडदा. नाक्यावरचा मजूर, कचरा वेचणारी बाई, हेसुद्धा हिशोबानं केसरी ठरले आणि स्वस्त धान्यातनं गेले. 2013 चा अन्न सुरक्षा कायदा महाराष्ट्रात 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. शहरात कुटुंबाची मर्यादा 59,000 झाली. माणशी 5 किलो, गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये, आणि जानेवारी 2023 पासून फुकट. मोठा कायदा. पण राज्याचा आकडा बांधलेला, 7 कोटी 16 हजार माणसं. तो आकडा 2011 च्या जनगणनेवर. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. पोरं जन्मली, माणसं आली, आकडा तिथंच. या आकड्याला सरकारी भाषेत इष्टांक म्हणतात.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आत्याबरोबर गेलो तेव्हा.

माझी आत्या याच डोंगरावर जन्मली. आज्याच्या कार्डावर तिचं नाव होतं. लग्न झालं, नाव कमी केलं, दाखला सासरी गेला. 2012 ला नवरा वारला, सासरच्यांनी दोन पोरांसकट बाहेर काढलं. ती माघारी आली. आमच्या घरात जागा नाही म्हणून आमच्यापेक्षा वर, डोंगराच्या पाठीवर तिनं पत्रे टाकले. 2011 ची तारीख एका वर्षानं हुकली. सासरचे तिचं नाव कार्डावरनं कमी केल्याचा दाखला देईनात. तो मिळवायला तीन वर्षं गेली. दाखला घेऊन आम्ही खिडकीवर गेलो. आतला माणूस वाईट नव्हता. त्यानं कागद नीट वाचले आणि म्हणाला, "ताई, कार्ड होईल. पण धान्य नाही. इष्टांक संपलाय."

आत्या बाहेर येऊन मला म्हणाली, "इष्टांक म्हंजी काय रे?" मी म्हणालो, "गरिबांची जागा भरलीय, आत्या." ती हसली. मला हसू आलं नाही.

आमच्या घरापासून तिचं घर चाळीस पायऱ्या वर. आमच्याकडं गहू फुकट, तिला बाजारभावानं. आमच्याकडं महापालिकेचा नळ. झोपडपट्टीतल्या कायदेशीर नळाचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्या आत. ती 35 लिटरचा कॅन 20 रुपयांना घेते. मी हिशोब केला, हजार लिटरला साडेपाचशेच्या वर. ती धुणीभांडी करते. ज्या इमारतीत ती भांडी घासते त्या इमारतीपेक्षा महाग पाण्यानं ती स्वतःची भांडी घासते. डिसेंबर 2014 ला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाचा पाण्यावर हक्क आहे. पाणी हक्क समितीनं ती लढाई लढली. 2022 ला महापालिकेनं सर्वांसाठी पाणी असं धोरणही आणलं. चांगलं केलं. आत्याच्या पायऱ्यांपर्यंत नळ अजून चढलेला नाही.

कुणी म्हणेल, कार्डाशिवाय काही दिलंच नाही का? दिलं. 1995 ला एक रुपयात झुणका-भाकर आली. पुढच्या सरकारनं अनुदान बंद केलं, आणि बऱ्याच केंद्रांवर वडे आणि चायनीज दिसायला लागलं. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. टाळेबंदीत पाच रुपये झाली. शहरात एका थाळीमागं पन्नास रुपये धरलेले, वरचे सरकार भरणार. टाळेबंदीत माझा माग बंद होता तेव्हा मी स्वतः ती थाळी खाल्ली आहे. सांगायला लाज नाही. कुणी जात विचारली नाही, कार्ड विचारलं नाही. पण सुरुवातीला एका केंद्राला दिवसाला 75 ते 150 थाळ्या. दीडशेनंतरच्या माणसाला भूक नसते का? कार्ड नव्हतं तर आकडा होता.

2024 ला लाडकी बहीण आली. महिन्याला 1,500. उत्पन्नाचा दाखला नसेल तर पिवळं किंवा केसरी रेशनकार्ड चालेल. बघा, 1943 चा कागद 2024 ला पुन्हा दारात उभा. तोवर आत्याचं केसरी कार्ड झालं होतं, धान्य नसलेलं. त्या कोऱ्या कार्डावर तिला पैसे मिळाले. तिनं पहिल्या पैशातनं काय घेतलं? पोराच्या वह्या, आणि एक ट्रंक.

मी तिला म्हणालो, ट्रंक कशाला, ठेवायला काय आहे तुझ्याकडं? ती म्हणाली, "आता हाय ना. कार्ड हाय."

मला एवढंच म्हणायचंय. शंभर वर्षांत या शहरात जगणं स्वस्त करायच्या पुष्कळ योजना झाल्या, आणि त्या बहुतेक आपल्यासारख्यांनी रस्त्यावर येऊन मिळवल्या. त्या नकोत असं म्हणणारा एकतर पोटभर जेवलेला असतो किंवा शहाणपणा विकत असतो. पण प्रत्येक वेळी भाव खाली आणला आणि भोवती कुंपण घातलं. 1940 ची खोली, 1976 चा पास, 1995 ची झोपडी, 2011 ची जनगणना. कुंपणाबाहेर जो राहिला तो नेहमी शेवटी आलेला, बिनजमिनीचा, विधवा, भटका, गावकुसाबाहेरचा. गावात कूस होती, इथं तारीख आहे. आणि आपणही कुंपणाच्या आत आलो की बाहेरच्याकडं पाठ करतो, हेही लिहिलं पाहिजे. आमच्याच गल्लीतले लोक वरच्या पत्र्यांना "नवे आले, पाणी पळवतात" म्हणतात. आम्ही कोण होतो 1973 ला?

म्हणून मागणी करताना नुसतं स्वस्त द्या म्हणू नका. मोजा म्हणा. आज मोजा, पुढच्या वर्षी पुन्हा मोजा, आणि जो उभा आहे त्याला द्या.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या घरातली ट्रंक उघडा. सगळ्यात जुनं रेशनकार्ड काढा. त्याच्यावर कोणतं साल आहे, किती नावं आहेत, कोणाचं नाव कधी खोडलं, का खोडलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि लिहून पाठवा. पोस्टकार्डावर लिहा, चुका होऊ द्या. खोडलेल्या नावांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. आपण लिहू.

जय भीम.